फ्लॅटमध्ये, घरात लहान मुलं असताना हॉलंड लॉप ससा घ्यावा की अंगोरा?

अंगोरा नको, हे आधीच सांगतो. त्याची लोकर दर एक-दोन दिवसांनी विंचरली नाही तर गुठळ्या होतात. ससा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा 30 अंशांवर गेला की कोणत्याही सशाला त्रास होतो, मग लोकरवाल्याचं काय होत असेल!

हॉलंड लॉप जेमतेम पावणेदोन किलोचा, स्वभावाने बराचसा शांत. पण लोंबत्या कानांमुळे कानाची नळी अरुंद होते, आत मळ साचतो, संसर्ग होतो. तोंड आखूड असल्याने दातांची ठेवणही बिघडू शकते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते एकमेकांवर नीट घासले गेले नाहीत तर खाणंच थांबतं, आणि बारा तास न खाल्लेला ससा थेट डॉक्टरांकडे न्यायचा, वाट बघायची नाही.

नेदरलँड ड्वार्फ किलोभराचा, दिसायला गोड, पण दातांची तीच रड. शिवाय बुजरा, मुलांच्या हाती देऊच नका. रेक्सची मखमली फर तळपायांवर विरळ असते, जाळीवर ठेवलात तर पाय सोलवटतात. फ्लेमिश जायंट समजूतदार, पण सहा किलोंचा प्राणी ठेवणार कुठे?

मला विचाराल तर उभ्या कानांचा, लांबट तोंडाचा साधा मिश्र ससा बघा. मादी असेल तर नसबंदी करून घ्या, कारण वयस्क माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. आणि कुठलाही घ्या, सुकं गवत मात्र चोवीस तास समोर हवं.