आठनंतर किल्ली पेटीत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली, ती म्हणजे जर्मनीतील लहान शहरात कमी भाड्याच्या हॉटेलात उतरणे. सातारा-सांगलीकडची मुले तिकडे शिकायला आणि कामाला जाऊ लागल्यापासून आईवडिलांचे जाणेही वाढले आहे, त्यामुळे पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी मारबुर्गच्या विद्यापीठात एम.एस्सी. करते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे बारा दिवसांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. वसतिगृहात पाहुण्यांना ठेवून घेता येत नाही, म्हणून तिने जवळच एका ‘होटेल गार्नी’मध्ये दोघांना न्याहारीसह रोज ६८ युरो भाड्याची खोली पाहिली आहे. भाडे इतके कमी कसे, या विचाराने सौ. धास्तावली आहे. आमची वये ६६ आणि ६१, माझे गुडघे दुखतात, आम्ही शाकाहारी आहोत पण अंडे चालते. काय विचारून घ्यावे आणि सोबत काय न्यावे?
(एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आधी वहिनींच्या धास्तीविषयी. ‘गार्नी’ म्हणजे जिथे न्याहारी मिळते, पण दुपारचे आणि रात्रीचे जेवण मिळत नाही असे हॉटेल. बहुधा ते एखाद्या कुटुंबाचे दहापंधरा खोल्यांचे घर असते; सकाळी जी बाई न्याहारी मांडते तीच नंतर गल्ल्यावर बसून हिशेब करते. तिथे हॉटेलांना तारे घेणे ऐच्छिक असते, त्यामुळे पाटीवर तारा नाही म्हणून हॉटेल वाईट असे समजू नये. भाडे कमी असते ते माणसे कमी असतात म्हणून. सामान उचलायला पोऱ्या नसतो, रात्रीचा पहारेकरी नसतो, टॉवेल रोज बदलले जातीलच असे नाही. आपल्याकडे स्वस्त लॉज म्हटले की पहिली शंका चादरीची येते. तिथे पहिली शंका माणसाची यावी, म्हणजे आपण पोचू तेव्हा दार उघडायला कोणी असेल का, याची.

हे मी स्वतःच्या फजितीवरून लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गावात, रिमझिम पावसात, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मी हॉटेलच्या दारात पोचलो. आत अंधार होता. दाराशेजारी भिंतीत हाताच्या पंजाएवढी लोखंडी पेटी होती आणि तिच्यावर आकड्यांच्या चार चकत्या होत्या. कार्यालय रात्री आठला बंद होते आणि उशिरा येणाऱ्याची किल्ली पेटीत ठेवतात, हे दारावरच्या कागदावरून मोबाइलच्या उजेडात कसेबसे उमगले. पण चार आकडे कोणते, हे कागदावर कसे असणार? ते मला ईमेलने पाठवलेले होते, आणि मोबाइलला तिथले नेट चालू केलेले नव्हते. अर्ध्या तासाने एक पाहुणा सिगारेट ओढायला बाहेर आला, त्याने आपल्या फोनवरून मला नेट दिले, तेव्हा तो मेल नको असलेल्या पत्रांच्या ढिगात सापडला. पेटी उघडली. आत पावशेराच्या वजनाएवढा पितळी गोळा अडकवलेली किल्ली आणि खोलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती. सकाळी मालकीणबाईंपुढे गाऱ्हाणे मांडले, तर त्यांनी दुपारी दोनलाच पाठवलेल्या मेलची प्रत शांतपणे समोर ठेवली. त्यांचे काहीच चुकलेले नव्हते.

तेव्हा पोचण्याची वेळ मुलीकडून आधीच लेखी कळवावी आणि पेटीचे आकडे मिळाले की ते कागदावर उतरवून पासपोर्टबरोबर ठेवावेत. मुंबईहून निघालेले विमान फ्रांकफुर्टला सकाळी उतरणारे असेल, तर अडचण उलटी होते: फ्रांकफुर्टहून मारबुर्ग रेल्वेने साधारण तासाभराचे आहे, म्हणजे आपण दुपारच्या आतच पोचाल आणि खोली मात्र दुपारी दोन किंवा तीननंतर मिळेल. सामान ठेवून घ्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. पण तेव्हा दारात कोणी असेल का, हेही त्याच पत्रात विचारावे. पोचल्यावर ‘मेल्डेशाइन’ नावाचा नोंदणीचा कागद भरून सही करावी लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून जर्मन नागरिकांना हा कागद माफ झाला आहे, परदेशी पाहुण्यांना नाही. त्यामुळे शेजारच्या पाहुण्याला न विचारता केवळ आपल्यालाच विचारले, तरी मनाला लावून घेऊ नये.

आता गुडघे. साताऱ्याच्या माणसाला मारबुर्ग चटकन ओळखीचे वाटेल, कारण वर किल्ला आणि त्याच्या उतारावर गाव, अशीच त्याचीही बांधणी आहे. फक्त अजिंक्यताऱ्याच्या जागी तिथे लांडग्राफांचा, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांचा, वाडा आहे आणि पायथ्याशी लान नदी. १५२७ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठात परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू कायदा शिकले. ओबरश्टाट म्हणजे वरचे जुने गाव, दगडी फरसबंदीचे, पायऱ्यापायऱ्यांचे आणि लाकडी सांगाड्याच्या घरांचे. ही घरे जपलेली असल्यामुळे दिसायला देखणी, पण अनेकांत लिफ्ट बसवलेली नसते आणि जिने अरुंद असतात. हॉटेल याच भागात असेल तर ‘आउफत्सूग’, म्हणजे लिफ्ट, आहे का हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. नसेल तर तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मागावी. खालच्या पिल्ग्रिमश्टाइन रस्त्यावरून वरच्या गावात नेणारी सार्वजनिक लिफ्ट आहे आणि तिला पैसे पडत नाहीत, तिचा रोज उपयोग होईल. हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा गावात नव्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची गर्दी असते, म्हणून खोली आजच पक्की केलेली बरी.

खोलीत शिरल्यावर पलंगाकडे पाहून वहिनींना नवल वाटेल. दोघांच्या पलंगावर एक मोठे पांघरूण नसते, तर दोन वेगळ्या दुलया घडी करून ठेवलेल्या असतात, आणि उशी ८० सेंटिमीटर लांब व तेवढीच रुंद, पण पिसांसारखी लिबलिबीत असते. मानेला आधार लागत असेल तर घरून लहान उशी न्यावी. पंखा नसतो. खिडकीची मूठ खाली असते तेव्हा ती बंद, आडवी केली की पल्ला दारासारखा उघडतो, आणि मूठ पूर्ण वर नेली की पल्ला वरच्या कडेने आत कलतो; पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला खिडकी निखळून अंगावर येते आहे असे वाटते, मलाही वाटले होते. खिडकीखालच्या हीटरच्या नळावर १ ते ५ आकडे असतात. ३ वर साधारण २० अंशांची ऊब राहते. ५ वर ठेवल्याने खोली लवकर गरम होत नाही, ती फक्त जास्त गरम होते. हीटर चालू ठेवून खिडकी दिवसभर कलती ठेवणे हा तिथे मोठा गुन्हा समजला जातो. सकाळी हीटर बंद करून पाच मिनिटे खिडकी सताड उघडावी आणि मग लावून घ्यावी, ही तिथली घरोघरची रीत.

न्हाणीघराविषयी स्पष्टच लिहितो. शॉवरचा कोपरा सोडला तर जमिनीला बहुधा मोरीच नसते. आपण बादलीने खळाखळा पाणी ओतले, तर ते थेट खोलीतल्या गालिच्यावर जाईल आणि भरपाई आपल्या बिलात येईल. शौचालयात पाण्याची सोय नसते, तेव्हा प्लास्टिकचा हलका मग बॅगेत टाकावा. भाडे अगदी कमी असेल, तर न्हाणीघर खोलीला जोडलेले आहे की मजल्यावर सामाईक, याचीही खात्री मुलीने करून घ्यावी. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. तिथली वीज २३० व्होल्टचीच आहे. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या बोर्डात बसत नाही, मोबाइलच्या चार्जरचा दोन गोल पिनांचा प्लग सहसा बसतो.

न्याहारीत गोल पाव, लोणी, मुरंबा, चीज, दही, म्यूसली आणि उकडलेली अंडी असतात, म्हणजे आपली अडचण होणार नाही. चीजच्या शेजारच्या ताटलीतले गुलाबी पातळ काप मात्र बहुधा डुकराच्या मांसाचे असतात. न्याहारीच्या मेजावरचे पाव रुमालात बांधून दुपारसाठी नेणे तिथे असभ्यपणाचे मानतात. खोलीत शेगडी किंवा कॉइल लावू नये. झोपण्याच्या खोलीच्या छताला धूर ओळखणारे यंत्र असते, आणि पहाटे पूजेसाठी लावलेली उदबत्तीसुद्धा त्याला पुरते. अग्निशामक दल आले तर त्याचा खर्च ज्याच्या खोलीमुळे ते आले त्याच्याकडून मागितला जाऊ शकतो.

सोबतच्या खाऊबद्दल एक कटू बातमी: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे त्यातच आले आणि साजूक तूपही. सांगलीचे भडंग आणि बेदाणे मात्र खुशाल न्यावेत.

व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो, त्यासाठी आरक्षणाच्या कागदावर दोघांचीही नावे पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे हवीत; प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि प्रौढांचे व्हिसा शुल्क ९० युरो आहे. व्हिसा हातात पडेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे आणि रद्द करण्याची मुदत तिथल्या घड्याळाने मोजावी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यानंतर साडेचार. लहान हॉटेलांत परदेशी कार्ड घेतीलच याचा भरवसा नसतो. २० आणि ५० युरोंच्या नोटा जवळ असाव्यात.

प्रश्न : मी साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी कंपनी मला ब्लॅक फॉरेस्ट या जर्मनीतील डोंगराळ भागातल्या एका लहान शहरात १९ दिवस पाठवत आहे. मुक्कामाचा खर्च ठराविक रकमेत बसवायचा आहे. स्टेशनजवळ माणसांशिवाय चालणारे हॉटेल ७९ युरोंना आहे आणि ‘मोंटोरत्सिमर’ नावाची खोली ३२ युरोंना. फसवणूक तर नाही ना?
(एक अभियंता, सातारा)

उत्तर : फसवणूक नाही. ‘मोंटोर’ म्हणजे यंत्रे बसवायला परगावी जाणारा फिटर, आणि ‘मोंटोरत्सिमर’ म्हणजे अशा कामगारांसाठी आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने देतात ती खोली. न्याहारी नसते, स्वयंपाकघर आणि बऱ्याचदा न्हाणीघरही सामाईक असते, पण १९ दिवस पाव-चीज खाण्यापेक्षा रात्री स्वतःच्या हाताने खिचडी टाकता येणे मी तरी पसंत करीन. मुक्काम संपताना सफाईचे वेगळे पैसे घेतात का आणि चादरी-टॉवेल भाड्यात धरले आहेत का, एवढे दोन खुलासे लेखी घ्यावेत; ३२ युरोंचे ४० होतात ते इथेच. माणसांशिवायच्या हॉटेलात यंत्रावर नाव घातले की दाराचा आकडा मिळतो आणि तेही निर्धोक असते, पण रात्री गरम पाणी आले नाही तर तक्रार ऐकायला फक्त एक फोन नंबर असतो.

स्वयंपाक करणार असाल, तर वाणसामान शनिवारीच भरून ठेवावे, कारण रविवारी दुकाने बंद असतात. स्टेशनातली काही दुकाने आणि पेट्रोल पंप तेवढे उघडे मिळतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट अनामत घेतलेली असते. बाटल्या न चुरगळता दुकानातल्या यंत्रात परत टाकल्या की ती मिळते, आणि १९ दिवसांच्या बाटल्यांत एका जेवणाचे पैसे सहज निघतात. कचरा घरमालक सांगेल त्याच रंगाच्या डब्यात टाकावा आणि रात्री दहानंतर कुकरची शिट्टी होऊ देऊ नये. ब्लॅक फॉरेस्टमधील अनेक गावांत नोंदणी केलेल्या पाहुण्याला ‘कोनुस’ नावाचे कार्ड देतात, त्यावर त्या भागातील बस आणि लोकल गाड्यांचा प्रवास विनामूल्य होतो. आपले गाव त्यात आहे का आणि कामासाठी आलेल्याला ते मिळते का, हे घरमालकाला आधीच विचारा; मिळत असेल, तर कारखान्यापर्यंतच्या रोजच्या भाड्याचा प्रश्न सुटू शकेल.

प्रश्न : आम्ही दोघांची खोली घेतली आहे. तिथे शिकणारा मुलगा दोनतीन रात्री आमच्याच खोलीत खाली गादी टाकून झोपला, तर चालेल का? कोणाला कळणार आहे?
(एक वाचक, कराड)

उत्तर : कळते. सकाळी न्याहारीच्या मेजावर दोन कप मांडलेले असतात आणि माणसे तीन येतात. तिथे भाडे खोलीचे असले तरी ते माणसांच्या संख्येवर ठरते, गावचा पाहुणेकर असेल तर तो डोईगणिक लागतो, आणि आग लागल्यास आत किती माणसे आहेत हे नोंदीवरूनच पाहतात. त्यामुळे न सांगता ठेवलेल्या तिसऱ्या माणसाचे पैसे तर द्यावे लागतातच, शिवाय मुलाला ज्या गावात पुढे राहायचे आहे तिथे ओशाळे व्हावे लागते. दिवसा तो खोलीत येऊन बसला, तर कोणी हरकत घेत नाही. झोपायलाच यायचे असेल तर ‘त्सूश्टेलबेट’, म्हणजे जादा पलंग, मागावा. तो आरक्षणाच्या वेळीच मागितलेला बरा, कारण लहान हॉटेलात असा पलंग बहुधा एकच असतो.