आधी काढ, मग मांड

नाशिक

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझी वही इथंच राहिली. तू स्वतःच उघडून दाखवली होतीस, म्हणून परत चाळली. एमपीएससी, डेटाचा कोर्स, योगशिक्षकाचं सर्टिफिकेट, जर्मन, मैत्रिणीबरोबरचा केकचा धंदा, आईचा गुडघा. अशा १७ गोष्टी, चार रंगांच्या पेनांनी, प्रत्येकीपुढे चौकोन. आणि तू विचारत होतीस, "काका, डोकं जड झालंय, हे सगळं नीट बसवायला कुठली पद्धत वापरू?" मी चहा पीत गप्प राहिलो, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडलो असतो. आता शांतपणे लिहितो. बसवू नकोस, पोरी. आधी काढ, मग मांड.

सातपूरच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षं होतो. आमच्याकडे फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीट ठेवायची जपानी पद्धत, आली तेव्हा पाच जपानी शब्द भिंतीवर लागले. पहिला सेइरी, म्हणजे नको ते वेगळं करून बाहेर काढणं. दुसरा सेइतोन, म्हणजे उरलेल्याची जागा ठरवणं. हा क्रम मुद्दाम तसा आहे. आम्ही पहिला ओलांडून थेट दुसऱ्यावर गेलो, कारण काढताना जिवावर येतं आणि मांडताना बरं वाटतं. नवे बिन, म्हणजे सामान ठेवायचे डबे, आले, लेबलं लागली, पान्यांच्या आकृत्या रंगवलेला बोर्ड भिंतीवर चढला. आणि त्या बिनांमध्ये होतं काय, तर कधीच बंद झालेल्या जॉबचे कटर आणि जॉब पकडून ठेवायची पण कुणालाही न लागणारी फिक्स्चर. फिटरला हवी ती वस्तू सापडायला पूर्वीइतकाच वेळ लागत होता.

शेवटी एका शनिवारी सगळं जमिनीवर ओतलं. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: शेवटची कधी वापरली? "पुढं कधी लागेल का" असं विचारायचंच नाही, त्याचं उत्तर कायम "हो" येतं. जिचा निर्णय होईना तिला लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि ती वेगळ्या कोपऱ्यात. मुदतीत कुणी मागायला आलं नाही की भंगारात. तुझ्या जर्मनला मी आजच लाल चिठ्ठी लावली असती. शेवटचा धडा कधी उघडलास, सांग बरं?

हे सगळं मी कंपनीत शिकलो आणि घरी केलं नाही, ते तुला सांगायलाच हवं. १९९४ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून मी जुनं लेथ मशीन घेतलं, पडवीत बसवलं, बाहेरचं जॉबवर्क सुरू केलं. चार वर्षांत काम आटलं, १९९८ मध्ये बंद पडलं. त्यानंतर ११ वर्षं ते ताडपत्रीखाली उभं होतं. दर रविवारी मी म्हणायचो, पुढच्या रविवारी तेल घालू, चालू करू. तुझ्या काकूला शिवणकामाला पडवीतला उजेड हवा होता. तिनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं, आणि आत ट्यूबखाली सुईत दोरा ओवत राहिली. तिचे डोळे त्यानंच बिघडले असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मला मात्र तसंच वाटतं, आणि ते जात नाही.

अडगळ नुसती जागा अडवत नाही गं. येता-जाता ती विचारत राहते, माझं काय ठरलं? तुझ्या वहीतले १७ चौकोन रात्री हेच विचारतात, आणि तू त्याला डोकं जड होणं म्हणतेस.

इगतपुरीला धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवस जाऊन यावं का, हेही तू विचारलंस. जा. मी गेलो होतो. पण तिथं काय होतं ते बारकाईनं बघ. शिकवण्याआधी फोन जमा होतो, वही-पेन जातं, पुस्तकं जातात, बोलणंसुद्धा जातं. मग तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, आणि विपश्यना चौथ्या दिवशी. म्हणजे तिथंही आधी काढतात. पण ते दहा दिवसांपुरतं, आणि दुसऱ्यांनी आपल्यासाठी केलेलं. मी अगदी हलका होऊन घरी आलो, तर पडवीत लेथ तसंच उभं.

२ ऑगस्ट २०१६ चा पूर तुला आठवत असेल. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की गोदाघाटाजवळचे लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून अंदाज बांधतात, पाणी कमरेला लागलं की गळ्याशी आलं. त्या दिवशी एका ओळखीच्या दुकानदाराचं सामान मी वर नेऊ लागलो. त्यानं एकदाही "हे घेऊ की ते" असं विचारलं नाही. तराजू, उधारीची वही, देवाचा फोटो, तीन पोती. बाकीचं पाण्यावर सोडलं. त्याला जे अर्ध्या तासात कळलं, त्यासाठी तू पुराची वाट बघणार आहेस का?

लेथ २००९ मध्ये गेलं आणि मी तिथंच थांबलो नाही. निफाडकडची माझ्या वाटणीची द्राक्षबाग भावाला देऊन टाकली. लोकांनी नावं ठेवली, बापजाद्यांची जमीन सोडली म्हणून. भाऊ पैसे देऊनही चार वर्षं धड बोलला नाही, कारण त्याला सोबत हवी होती. पण मी तिथं करत काय होतो? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी रोगाची धास्ती, फेब्रुवारीत ढग आले की मणी तडकायची धास्ती, आणि हात मात्र सातपूरच्या मशीनवर. फवारणी त्यानं करायची आणि झोप मी घालवायची, याला शेती म्हणत नाहीत. सोसायटीची कमिटी सोडली, भिशी सोडली, दूरच्या लग्नांना जाणं सोडलं. माझी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही माणसंही काढलीत. तसं नाही. जी आठ-दहा राहिली त्यांच्यासमोर मी आता पूर्ण बसलेला असतो, घड्याळाकडे न बघता. रविवारी तुझ्यासमोर दोन तास बसलो, ते २००९ आधी मला जमलं नसतं. मी बरोबर केलं, आणि पुन्हा तेच करीन.

तू म्हणशील, काका, तुमचं वय झालं, माझ्यापुढं सगळं पडलंय. म्हणूनच तर सांगतोय. एका शिफ्टमध्ये सहा जॉब बदलले की मशीन दिवसभर सेटिंगमध्येच जातं, धातूला कटर लागतच नाही. तू आळशी नाहीस. तुझा सगळा दिवस सेटिंगमध्ये जातोय. नवं ॲप घेऊ नकोस, पाचवं पेन घेऊ नकोस. आधी काढ.

काकू बुधवारच्या बाजाराला घाटावर येतेय, तिच्याबरोबर वही पाठवतो. एकाही ओळीवर मी काट मारलेली नाही, ते तुझं काम. फक्त आईच्या गुडघ्यापुढं पेन्सिलीनं खूण केली आहे. ती ओळ पानाच्या तळाला आहे आणि सगळ्यात जुनी आहे. डॉक्टरांची वेळ घेतलीस की कळव, गाडी घेऊन मी येईन.

तुझा,
काका