जुन्या गिटार-जाहिरातींपैकी तुमची सर्वांत आवडती कोणती, आणि त्या गोळा करायच्या तर सुरुवात कुठून करावी?

आवडती कोणती हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. फेंडर कंपनीची, लाटेवर सर्फची फळी, फळीवर एक पोरगा आणि त्याच्या हातात जाझमास्टर गिटार. खाली इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ 'तुम्हीही तुमची सोडणार नाही', आणि तिला तारांकन करून खाली बारीक अक्षरात, 'जिथे जाल तिथे फेंडर भेटेल'. लाकूड कुठलं, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) किती, याची जंत्री नाही. पोरगा कोण तेही नाही.

१९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे जवळजवळ दहा वर्षं ही मालिका चालली. ओळ तीच, जागा दर वेळी वेगळी. एकात माणूस पॅराशूट घेऊन आकाशात आहे आणि गिटार त्याच्याकडेच आहे. एकात रणगाडा आहे. गिटार जिथे असायचं कारणच नाही अशा ठिकाणी ती नेऊन ठेवायची, आणि धरणाऱ्याचा चेहरा मात्र असा की यात विशेष काहीच नाही.

हे डोकं रॉबर्ट पेरीन यांचं. कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचला राहणारा हा चित्रकार-छायाचित्रकार. फेंडरचा कारखाना तिथून फार लांब नव्हता, फुलर्टनला. पेरीननी मोठे वादक शोधले नाहीत. गावातली शाळा-कॉलेजातली मुलंमुली, किनाऱ्यावर दिवसभर पडीक असणारी पोरं, यांच्याच हातात गिटारी दिल्या. त्या काळातली कॅटलॉगची मुखपृष्ठंही तशीच आहेत.

जाझमास्टर १९५८ ला आली ती जॅझ वाजवणाऱ्यांसाठी. त्यांनी ती फारशी जवळ केली नाही. उचलून धरली ती सर्फ संगीताच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या पोरांत रुजलेल्या गिटार-संगीताच्या बँडवाल्यांनी. म्हणजे कंपनीला जे गिऱ्हाईक हवं होतं ते आलं नाही आणि जाहिरातीतलं गिऱ्हाईक खरंखुरं येऊन उभं राहिलं. मला या जाहिरातीचं कौतुक आहे ते यासाठीही.

पण खरं कारण गोव्याचं आहे. आमच्या बार्देशात गिटार पहिल्यांदा स्टेजवर दिसत नाही. ती शेजाऱ्याच्या बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत दिसते, पिकनिकच्या बसमध्ये मागच्या सीटवर दिसते, लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात दिसते. आमचं घर आरत्यांचं. चवथीला घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं, एरवी भजनाची पेटी. गिटार कुंपणापलीकडची. तिथले अंकल तारवटी होते, वर्षातले बरेच महिने बोटीवर. ते घरी आले की संध्याकाळी बल्कांवात बसून वाजवायचे आणि आम्हां पोरांना कॉर्ड दाखवायचे. ते कोणी नावाजलेले वादक नव्हते. पेरीनच्या जाहिरातीतला पोरगा मला कधी परका वाटला नाही तो यामुळे. गिटार ही कोणाच्याही हातात शोभते, असं म्हणणारी दुसरी जाहिरात मला माहीत नाही, आणि आमच्याकडे ती तशीच असते.

अंकल परदेशातून मासिकं आणायचे. त्या वेळी बाहेरची गिटार आणायची म्हणजे जकातीचा आकडा ऐकूनच माणूस गप्प बसायचा. मासिक कोणी अडवत नसे. बंदरावरच्या दुकानातून जुने अंक, दुकानदाराने फुकट दिलेली पत्रकं, असं सगळं बॅगेतून यायचं. माझ्या संग्रहातली पहिली पानं त्यांची आहेत.

आता बाकीच्या कंपन्यांबद्दल थोडं. ग्रेच आणि गिब्सनचा भर नामवंतांवर. ग्रेचने १९५५ मध्ये कंट्री संगीतातले गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्या नावाचं ६१२० हे नारिंगी मॉडेल काढलं. त्यावर गुरांच्या चरायच्या रानाचा सगळा थाट होता: पुढच्या अंगावर डाग दिल्यासारखं 'जी' अक्षर, फिंगरबोर्डवर (बोटं दाबायच्या पट्टीवर) निवडुंग आणि गुरांची नक्षी. छापील पानात हे फार उठून दिसतं. चेटना स्वतःला ही सजावट आवडत नव्हती आणि पुढच्या काही वर्षांत ती एकेक करून गेली. सलग तीन-चार वर्षांच्या जाहिराती शेजारी शेजारी ठेवल्या की हा बदल डोळ्यांनी बघता येतो. मला त्या म्हणूनच ठेवाव्याशा वाटतात, एकेकट्या त्या माझ्या मनात भरत नाहीत.

गिब्सनच्या, लेस पॉल आणि मेरी फोर्ड या वादक जोडप्याच्या जाहिराती मात्र सुंदर. मेरी फोर्ड स्वतः उत्तम वाजवायच्या आणि पानावर त्या वादक म्हणूनच असतात. १९७० च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी कमी कपड्यांतल्या बाईच्या शेजारी गिटार ठेवायला सुरुवात केली. ती पानं मी घेत नाही. कोणी फुकट दिली तरी नाही.

टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स या अमेरिकन कंपनीच्या कॅटलॉगमधली सिल्व्हरटोन गिटार नवशिक्यांनी जरूर बघावी. डॅनइलेक्ट्रो कंपनीने सिअर्ससाठी बनवलेली ही गिटार १९६२ च्या सुमारास आली. अंग हार्डबोर्डचं, पिकअप लिपस्टिकच्या नळीत बसवलेले, आणि गिटार ठेवायच्या पेटीतच ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. पेटी उघडा, वायर लावा, वाजवा. टपालाने घरी. लहान गावातल्या ज्या मुलाच्या आसपास वाद्यांचं दुकानच नाही, त्याच्यासाठी हे पान किती मोठं असेल याचा विचार करा.

गिब्सनची १९५८ ची फ्लाइंग व्ही घ्या. कंपनी जुन्या वळणाची झाली असं लोक म्हणू लागले म्हणून अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी बाणासारखी गिटार काढली. त्या वर्षी ८१ गेल्या, पुढच्या वर्षी १७, मग बंद. आज मूळ गिटारीची किंमत आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही. मूळ छापील पान मात्र अजून मिळू शकतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. जुन्या जाहिराती भिंतीवर लावायलाच घेऊ नका. त्या वाचायला शिका. गिटारीचं वय ओळखायला यांच्याइतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

एकच उदाहरण देतो. फेंडरच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या टोकावर) फेंडर हे नाव बारीक, शेवयांसारख्या रेघेत लिहिलेलं असे. पेरीननी जाहिरातींसाठी नवं, जाड, सोनेरी अंगाचं आणि काळ्या कडेचं नाव आखलं. ते आधी कागदावर आलं, मग १९६० च्या जाझ बेससारख्या नव्या मॉडेलवर आणि १९६४ च्या मध्यापासून स्ट्रॅटोकास्टरवर. जाहिरातवाल्याने काढलेलं अक्षर कारखान्यात गेलं. पुढे जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर कंपनी घेतली, त्या वर्षाच्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरचं हेडस्टॉक मोठं झालं आणि १९६८ पासून नाव काळ्या ठळक अक्षरात आलं. हा क्रम डोक्यात पक्का असला तर उद्या कोणी मोठं हेडस्टॉक आणि काळं नाव असलेली गिटार '६३ ची अस्सल' म्हणून तुमच्यापुढे ठेवली तर तुम्ही दोन मिनिटांत उठून याल. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारापासून ऑनलाइन विक्रीपर्यंत सगळीकडे याचा उपयोग होतो.

रंगाचंही तसंच. फेंडरचे खास रंग हे ड्यूपाँट या रंग बनवणाऱ्या कंपनीचे मोटारींचे रंग होते. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डवरचा, सर्फ ग्रीन १९५७ च्या शेव्हरोलेवरचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरचा. असा रंग हवा तर किमतीवर पाच टक्के जादा. वरचं लॅकर वर्षांनुवर्षं पिवळं होत जातं, त्यामुळे आज पांढरी गिटार सायीच्या रंगाची दिसते आणि निळी हिरवट. कंपनीचा रंगांचा तक्ता हातात असला की मूळ रंग कोणता याचा अंदाज लागतो. मासिकातली पानं बहुतेक काळी-पांढरी, म्हणून तक्ता आणि रंगीत कॅटलॉग दिसले तर आधी ते घ्या.

अस्सल पान ओळखणं अवघड नाही. आधी उलटं करून बघा. मासिकातून काढलेल्या पानाच्या मागे दुसरा लेख, दुसरी जाहिरात, काहीतरी असतंच. मागची बाजू कोरी असेल तर संशय घ्या, मात्र दुकानातली पत्रकं एका बाजूलाही छापत. मग घड्याळजीचं भिंग लावा. जुन्या छपाईत ठिपके ओळीने, ठरलेल्या कोनात बसलेले दिसतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत शाईचे शिंतोडे दिसतात. छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलेलं असेल तर ठिपक्यांवर ठिपके येऊन जाळीसारखी नक्षी उमटते, ती करड्या भागात चटकन कळते. कडा आतल्या भागापेक्षा जास्त पिवळ्या असतील तर चांगली खूण, कारण हवा आणि उजेड तिकडूनच शिरतो. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं पान सगळीकडे सारखं पिवळं असतं.

गोव्यात राहत असाल तर पाऊस हाच मोठा शत्रू. जूनपासून चार महिने कागद ओला नसूनही ओलसर राहतो. लॅमिनेशन अजिबात करू नका, एकदा चिकटवलेलं पान परत सुटत नाही. मऊ, वासाचं प्लॅस्टिकही नको. पॉलिएस्टरचे पारदर्शक लिफाफे मिळतात, त्यात पान, पाठीमागे आम्लविरहित कागदाचा पुठ्ठा, आणि सगळं आडवं एका डब्यात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून गरम करून वाळवा. कसर लागली का ते दर पंधरवड्याला उघडून बघायला हवं. कसरीला जुनी खळ फार आवडते, म्हणून कोणी वहीत चिकटवलेली पानं मिळाली तर ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

शेवटी आपल्या देशाबद्दल, कारण सगळे अमेरिकेच्याच पानांमागे असतात. आपल्याकडे कित्येक वर्षं गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाईयन गिटार. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या एचएमव्हीच्या तबकड्यांची आवरणं बघा. आमच्या पिढीसाठी इलेक्ट्रिक गिटारीची जाहिरात तीच होती. मग १९७० आणि ७१ साली सिमला सिगारेटच्या नावाने देशभरच्या बँडची 'सिमला बीट' स्पर्धा झाली, तिच्या एलपी निघाल्या. तिकडे गिटार विकायला जाहिरात होती, इकडे गिटार दाखवून सिगारेट विकली जात होती. त्या तबकड्या आज शोधूनही सापडत नाहीत.

वर्तमानपत्रांसाठी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ पासूनची संस्था आहे. जुने अंक चाळताना नाचाच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवा, बँडची नावं तिथेच सापडतात.

आणि एक विनंती. कोलकात्यात बनलेल्या गिब्टोन, गिव्सन, हॉबनर या गिटारींवर भारतातली निम्मी पोरं शिकली असतील. त्यांची किंमतपत्रकं, दुकानांच्या पावत्या, पेटीत चिकटवलेली लेबलं कोणी जपून ठेवलेली मला तरी दिसत नाहीत. तुमच्या किंवा तुमच्या काका-मामांच्या घरी माळ्यावर अशी गिटार असेल तर साफसफाईत आतले कागद टाकू नका. पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, गिटार कुठल्या दुकानातून आणि साधारण कोणत्या साली घेतली ते घरच्यांना विचारून मागे पेन्सिलने लिहा, आणि इथे खाली टाका. मी माझ्याकडच्या पावत्यांशी ताडून बघतो.