पावसापेक्षा उसाच्या हंगामाला जपा

तुम्ही विचारलंय, सोलापूर-बार्शी आठवड्यातून तीनदा जाणं-येणं आहे, गाडी सेकंडहँड, तर कोणत्या ऋतूत जास्त सांभाळायचं? बहुतेकांनी पावसाळा सांगितलाय. मी अठरा वर्षं वैरागमार्गे ये-जा करतोय. माझं उत्तर थंडी, आणि तीही धुक्यामुळे नाही, उसामुळे.

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की रात्रभर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मोळ्या मागे लोंबतात, त्यात लाल दिवा आणि रिफ्लेक्टर झाकले जातात. टेपचा आवाज एवढा, की ड्रायव्हरला आपला हॉर्न ऐकूच जात नाही. एकदा वैरागच्या अलीकडे समोरच्याने अप्पर, म्हणजे लाइटचा लांबचा झोत, मारला, डोळे दिपले, आणि दुसऱ्या क्षणी बॉनेटपुढे उसाची कांडी. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. ब्रेक लागले, तरी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, काचेला घासलं. बायको शेजारी होती. बार्शी येईपर्यंत दोघंही बोललो नाही. पंक्चर काढून ट्रॉली जाते, चाकाला लावलेले दगड मात्र तिथेच राहतात, तेही ध्यानात असू द्या.

ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डिपरचा, म्हणजे खाली केलेल्या लाइटचा, उजेड पडतो जेमतेम 50 मीटर, आणि ट्रॉली दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत 65-70 मीटर लागतात. म्हणून अंधारात 60 च्या वर जाऊ नका, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

उन्हाळ्यात टायर बघा. पारा 42-43 ला गेला की काही जण हवा कमी ठेवतात, ते चूक आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. सकाळी टायर गार असताना दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी एवढा जुना टायर बदलाच.

पावसाळ्यात पहिल्या सरीची निसरड आणि शेतातून चाकांबरोबर आलेली काळी माती. पुण्याकडे जाणार असाल तर सीना नदीच्या पाण्याची चौकशी करून निघा. इथे ऊन असतं आणि पाणी वरून, नगर-धाराशिवकडून येतं. सप्टेंबर 2025 मध्ये लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गच बंद झाला होता.

मी डिकीत लाल रेडियमचा रोल ठेवतो. चहाला थांबलेली ट्रॉली दिसली की ड्रायव्हरला विचारून मागे दोन पट्ट्या चिकटवतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.