तांदळात लिहिलेलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, अक्कलकोट रोडला आमचा चादरीचा कारखाना होता, आता बंद आहे. गेली अकरा वर्षं जपानमध्ये नागोयाला नोकरी करतोय, पासपोर्ट अजून भारताचाच. २०२२ ला तिथल्याच मुलीशी लग्न केलं, तिथल्या वॉर्ड ऑफिसात नोंद झाली. २०२३ ला सोलापूरला येऊन विधी केले, तेव्हा आईने हौसेने तिचं नाव वैदेही ठेवलं. नंतर आई गेली. आता वडलांची बायपास झालीय आणि ते एकटे आहेत, म्हणून आम्ही दिवाळीपर्यंत कायमचं परत यायचं ठरवलंय. दीड वर्षाचा मुलगा आहे, त्याचा पासपोर्ट जपानी. बायकोला मी स्पॉन्सर कसं करायचं? एक एजंट म्हणतो बँक बॅलन्स दाखवून स्पॉन्सरशिपची फाईल करावी लागते आणि त्याचे बरेच पैसे मागतोय. मित्र म्हणतो टुरिस्ट व्हिसावर आण, पुढचं इथे होतं. काका म्हणतात सोलापुरात वैदेही नावाने लग्न परत नोंदव म्हणजे इंडियन सर्टिफिकेट होईल, आणि मोहोळची जमीन तिच्या नावावर करून टाक. तिला इथे जपानी भाषेचे क्लास घ्यायचेत. डोकं चालेना झालंय.

उत्तर : दादा, आधी वडलांना माझा नमस्कार सांगा. आणि एजंटला पैसे देऊ नका. अमेरिकेत वगैरे नवऱ्याला पगार दाखवून बायकोसाठी अर्ज करावा लागतो तसली स्पॉन्सरशिप आपल्याकडे नाहीच. तुम्ही भारताचे नागरिक आहात आणि ती तुमची कायदेशीर बायको आहे, या दोन गोष्टी कागदावर सिद्ध झाल्या की तिचा हक्क तयार होतो. अर्ज तिच्या नावाने होतो, सही तिची लागते, तुमचा पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला त्याला जोडायचा, एवढाच तुमचा भाग.

तिला घ्यायचंय ते ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवूनही भारतात हवं तितकं राहता येतं असं कार्ड. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ते मिळतं, अट अशी की लग्न नोंदलेलं पाहिजे आणि अर्जाच्या दिवशी सलग दोन वर्षं टिकलेलं पाहिजे. तुमचं २०२२ चं, म्हणजे ती अट कधीच पूर्ण झालीय! मग हे काम सोलापूरला येऊन कशाला करता, तिथूनच करा. तुमचा भाग टोकियोच्या दूतावासाकडे येतो का ओसाका-कोबेच्या कॉन्सुलेटकडे ते बघून तिथे अर्ज टाका, फी २७५ डॉलर आहे. जोडीदाराच्या अर्जाची सुरक्षा तपासणी होते, दोघांना बोलावून प्रश्नही विचारतात, त्याला वेळ लागतो, म्हणून दिवाळीचं तिकीट काढायच्या आधी अर्ज गेलेला बरा. मुलाचाही सोबतच टाका, आईबापातलं एक जण भारतीय असलं की लेकराला ओसीआय मिळतं आणि त्याला दोन वर्षांची अट नाही.

वॉर्ड ऑफिसातून लग्नाची नोंद स्वीकारल्याचा दाखला घ्या, जुरी शोमेइशो म्हणतात बघा त्याला, आणि तिच्या कोसेकीची, म्हणजे जपानी कुटुंबनोंदीची, प्रतही घ्या ज्यात तुमचं लग्न लागलेलं दिसतं. दोन्हीवर जपानच्या परराष्ट्र खात्याची अपोस्टिल करून आणा. अपोस्टिल म्हणजे हा सरकारी कागद खरा आहे असं सांगणारा शिक्का, भारत २००५ पासून त्या करारात आहे आणि जपान त्याच्याही कितीतरी आधीपासून, त्यामुळे अडचण नाही. सोबत इंग्रजी भाषांतर. आणि तुमच्या पासपोर्टवर पत्नीच्या जागी तिचं नाव नसेल तर तेही तिथेच घालून घ्या, जन्मभर उपयोगाला येतं.

कार्ड दिवाळीपर्यंत हातात नाही आलं तर घाबरू नका, तिचा एंट्री व्हिसा काढा, भारतीयाची बायको म्हणून मिळतो तो. टुरिस्टवर मात्र आणू नका, आणि हे मी जरा रागाने सांगते कारण हा सल्ला देणारे मित्र गल्लोगल्ली आहेत. जपानी पासपोर्टवाल्यांना तर विमानतळावर उतरल्यावरसुद्धा ६० दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो म्हणून मोह होतो, पण टुरिस्ट व्हिसावर इथे असताना ओसीआयचा अर्जच करता येत नाही. मग लेकरू कडेवर घेऊन मुदत संपायच्या आत परत जायचं का इथे व्हिसा बदलायच्या मागे लागायचं, आणि घरात बायपास झालेला माणूस. कशाला ती वेळ आणायची. एंट्री व्हिसा १८० दिवसांच्या पुढचा असला तर त्यावर नोंदणीबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा, नोंदणी सांगितली असेल तर आल्यापासून १४ दिवसांत करायची असते. आता ते एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या, साइटवरून ऑनलाइन होतं, बोलावलं तरच जायचं. आणि परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, फॉर्म सी म्हणतात सगळे त्याला, हॉटेलवाल्यांनाच असतो असं लोकांना वाटतं पण घरालाही लागू आहे. वडलांना मोबाईलवर जमणार नाही, तुम्हीच करा.

आता नावाचं. काकांचं मन चांगलं आहे पण हे ऐकू नका.

माझ्या भाच्याची बायको फिलिपिन्सची. लग्नात भाच्याने ताम्हनातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, स्नेहल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तीही हसली, तिला ते फार आवडलं होतं. मग कुणीतरी उत्साहाने नोंदणीच्या फॉर्मवर तेच नाव लिहिलं, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि दाखला तसाच आला. दोन वर्षांनी ओसीआयचा अर्ज केला तो परत आला, कारण पासपोर्टातल्या बाईचं लग्न झाल्याचा पुरावाच नव्हता, लग्न झालेली स्नेहल दुसरीच कुणी होती कागदावर. दाखला दुरुस्त करायला मी तिच्यासोबत हेलपाटे घातलेत. त्या कचेरीत साहेबांनी विचारलं, स्नेहल कोण? तर तिने शाळेत हजेरीला करतात तसा हात वर केला, मांडीवर पासपोर्ट उघडा होता आणि त्यावर तिच्या आईबापाने ठेवलेलं नाव. आठ महिने गेले त्यात. दुरुस्ती झाली तेव्हा ती रिक्षात रडली आणि म्हणाली, आत्या, आता मी परत मी झाले. मला अजून तो दिवस आठवतो.

म्हणून तुमचं लग्न एकदाच झालंय आणि ते नागोयात झालंय. दुसरा दाखला, दुसरी तारीख, दुसरं नाव असलं काही तयार करू नका. आईने प्रेमाने ठेवलेलं वैदेही घरात राहू दे, वडील तशीच हाक मारू देत, पण ओसीआय, पॅन, बँक, मुलाची शाळा सगळीकडे पासपोर्टातलंच नाव, स्पेलिंगसकट. आपल्या सोलापूरला परदेशी सून नवीन नाही हो. भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे, लहानपणी शाळेतून नेलं असेल तुम्हाला. १९३८ ला चीनला गेले, तिथेच क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, १९४२ ला मुलगा झाला त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टर गेले, पोर काही महिन्यांचं होतं. छिंगलानबाई पुढे भारतात येऊन गेल्या, आणि आपल्या नावानेच आल्या.

जमिनीचं थोडक्यात सांगते. ओसीआयवाल्यांना शेतजमीन घेता येत नाही, बक्षीसपत्राने पण नाही. मोहोळची जमीन तुमच्या नावावरच राहू द्या. फ्लॅट तिच्या नावावर घ्यायचा तर घ्या.

क्लासचं म्हणाल तर ओसीआय झाल्यावर बिनधास्त सुरू करू दे, खाजगी नोकरी-धंद्याला अडवत नाहीत. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार असल्या ठराविक कामांनाच वेगळी परवानगी लागते. पण नुसत्या एंट्री व्हिसावर असताना परवानगीशिवाय पैसे घेऊन शिकवायचं नाही, ऑनलाइनसुद्धा नको. तोवर तिला मराठी शिकू दे, आणि सोलापूर म्हटल्यावर शेजारचं तेलुगू आणि बाजारातलं कन्नडही कानावर पडेलच!

आणि एक गोष्ट तिला तुम्ही स्वतः सांगा, मी सांगतेय म्हणून नाही. हे कार्ड लग्नावर उभं आहे. उद्या कोर्टात घटस्फोट झाला तर तिचं ओसीआय रद्द होऊ शकतं. मुलाचं तसं नाही, त्याचं त्याच्या आईबापामुळे आहे. नवीन पासपोर्ट निघाला की दर वेळी तीन महिन्यांत तो अपलोड करायचा आणि लग्न टिकून आहे असं लिहून द्यायचं. अशुभ बोलते असं समजू नका. आपला देश, भाषा, माणसं सोडून ती तुमच्या वडलांची सेवा करायला येतेय, तिला हे विमानात बसायच्या आधी माहीत पाहिजे. सात वर्षं इथे राहिल्यावर भारताच्या नागरिकत्वासाठीही अर्ज करता येतो पण मग जपानचं सोडावं लागेल, तो निर्णय तिचा तिला घेऊ द्या, घरातल्या कुणी त्यावरून तिला बोलू नये.

प्रश्न : मी जुळे सोलापूरची, सध्या डब्लिनला आहे. माझा आयरिश पार्टनर आणि मी तीन वर्षं एकत्र राहतोय, लग्न केलेलं नाही. एखाद-दोन वर्षांसाठी सोलापूरला यायचंय, तर पार्टनर म्हणून त्याला आणता येईल का? घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

उत्तर : नाही गं, आपल्याकडे लग्नाशिवाय पार्टनरचा असा व्हिसा नाही, तीन वर्षांच्या भाडेकराराने काही होत नाही. त्याला इथल्या कंपनीत नोकरी मिळाली तर तो स्वतःच्या एम्प्लॉयमेंट व्हिसावर येऊ शकतो, नाहीतर लग्न. लग्न तिकडे केलंत तर निघायच्या आधी तिथूनच त्याचा एंट्री व्हिसा काढता येतो. सोलापुरातच करायचं असेल तर १९५४ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट आहे, त्यात तुमच्यापैकी एकाने आधी ३० दिवस जिल्ह्यात राहिलेलं पाहिजे, मग नोटीस द्यायची, ती ३० दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते, आणि नोटीसपासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. तो अविवाहित असल्याचा दाखला त्याने तिकडूनच आणायला हवा, इथे आल्यावर त्याची फार धावपळ होते. ओसीआयची दोन वर्षं लग्नाच्या नोंदीपासून मोजतात, एकत्र राहिलेली तीन वर्षं त्यात धरत नाहीत.

आणि त्या बोर्डासमोरून सोलापुरातलं निम्मं गाव जातं. आईवडलांना तुझ्या तोंडून कळू दे, नोटीस लागायच्या आधी. सहीला तीन साक्षीदार लागतात, बाबांना विचारून तर बघ.