पुस्तिकेतला ऑक्टेनचा आकडा आणि पंपावरचा आकडा

वाचकांचे प्रश्न : मोटरसायकल आणि इंधन

प्रश्न : माझ्या मोटरसायकलच्या पुस्तिकेत ‘किमान 91 आरओएन’ असे लिहिले आहे. पंपावर 91 आणि 95 अशा दोन्ही प्रकारचे पेट्रोल मिळते. 95 ऑक्टेनच्या पेट्रोलने पिकअप सुधारतो, ॲव्हरेज वाढते आणि इंजिनाचे आयुष्यही वाढते, असे मित्र सांगतात. मी महाग पेट्रोल वापरावे का?

उत्तर : आपल्या गाडीला 91 पुरेसे आहे (आरओएन हा ऑक्टेन मोजण्याच्या एका पद्धतीचा आकडा आहे). 95 वापरल्याने इंजिनाचे काही बिघडणार नाही. मात्र मित्रांनी सांगितलेल्या तीन फायद्यांपैकी एकही निव्वळ ऑक्टेनमुळे मिळणार नाही. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधील ऊर्जा दाखवत नाही आणि त्याची शुद्धताही दाखवत नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना ठिणगीशिवाय आपोआप पेटण्याला ते पेट्रोल किती विरोध करते, एवढेच त्यावरून कळते.

स्पार्क प्लगची ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतींकडे पसरत जाते. जळालेला वायू प्रसरण पावतो आणि कडेला उरलेल्या, अजून न जळलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाला दाबून आणखी तापवतो. हे उरलेले मिश्रण ज्योत पोहोचेपर्यंत टिकले, तर दाब पिस्टनवर एकसारखा वाढत जातो. ते आधीच एकदम पेटले, तर दाबाच्या लहरी सिलिंडरमध्ये आदळतात आणि बाहेर धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते क्वचित आणि हलके झाले तर नुकसान होत नाही. पण जोरात आणि सतत होत राहिले, तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, रिंगा तुटतात आणि हेड गॅस्केट जळते.

ऑक्टेनची मोजपट्टी 1920 च्या दशकात तयार झाली. नॉकिंगला चांगला विरोध करणाऱ्या आयसोऑक्टेनला तिच्यात 100 आणि सहज नॉकिंग करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला 0 हा आकडा दिलेला आहे. म्हणून 91 ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात 91 भाग आयसोऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. आपल्या इंजिनात 91 वर नॉकिंग होतच नसेल, तर 95 मुळे टाळण्यासारखे काही उरत नाही.

याला एक खरा अपवाद आहे. काही मोटरसायकलींमध्ये नॉक सेन्सर असतो आणि ‘95 सुचवलेले, 91 चालेल’ अशा अर्थाची नोंद पुस्तिकेत असते. अशी गाडी 91 वर नॉकिंग जाणवताच ठिणगीची वेळ थोडी मागे घेते, त्यामुळे इंजिन सुरक्षित राहते पण ताकद किंचित घटते. 95 भरल्यावर ती ताकद परत मिळते. आपल्या पुस्तिकेतील ‘किमान 91’ ही नोंद या प्रकारातली नाही. इंजिन साफ ठेवणारी रसायने महाग पेट्रोलमध्ये जास्त असू शकतात. पण तो गुण त्या रसायनांचा आहे, आणि ती कमी ऑक्टेनच्या पेट्रोलमध्येही घालता येतात.

प्रश्न : मी परदेशातून आलेली जुनी मोटरसायकल घेतली आहे. तिच्या टाकीवरील पट्टीवर 90 हा आकडा आहे आणि पंपावर मला 91 मिळते. मी तेच भरत आहे, पण चढावर इंजिन खडखडते. आकडा तर जास्तच आहे, मग असे का होते?

उत्तर : आपण एकाच नावाच्या दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची तुलना करत आहात, आणि या प्रश्नाकडे प्रत्येक मोटरसायकलस्वाराने लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण येथे होणारी चूक इंजिनाला महाग पडते.

ऑक्टेन मोजण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. रिसर्च पद्धतीत चाचणीचे इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालवतात आणि तिच्यातून आरओएन हा आकडा मिळतो. मोटर पद्धतीत फेऱ्या 900 असतात, मिश्रण आधीच बरेच तापवलेले असते, त्यामुळे पेट्रोलची परीक्षा अधिक कठीण होते आणि एमओएन हा आकडा लहान येतो. जगाच्या बहुतेक भागांत पंपावर आरओएन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात मात्र या दोन आकड्यांची सरासरी लिहिण्याची पद्धत आहे. तिला अँटी-नॉक इंडेक्स म्हणतात आणि पट्टीवर ती ‘(आर+एम)/2’ अशी दाखवलेली असते. युरोपीय मानकानुसार साध्या पेट्रोलचे आरओएन किमान 95 आणि एमओएन किमान 85 असावे लागते. त्यांची सरासरी 90 येते. म्हणजे अमेरिकी पंपावरचे 90 आणि युरोपीय पंपावरचे 95 हे जवळपास एकच पेट्रोल आहे. अमेरिकी 87 हे साधारणपणे 91 ते 92 आरओएनच्या बरोबरीचे असते.

आपल्या पट्टीवर आकड्याजवळ ‘(आर+एम)/2’ असे अगदी बारीक अक्षरांत छापलेले आहे का, ते तपासा. ते असेल, तर आपल्या गाडीला 95 आरओएन हवे आहे आणि आपण तिला चार अंक कमी असलेले पेट्रोल देत आहात. 95 भरा आणि त्याच चढावर आवाज पुन्हा ऐका. पट्टीवर कोणतीच खूण नसेल, तर ती गाडी कोणत्या देशातील विक्रीसाठी बनवली होती हे मूळ पुस्तिकेतून शोधा.

प्रश्न : पुस्तिकेत सांगितलेलेच पेट्रोल भरूनही माझी एअर-कूल्ड मोटरसायकल वरच्या गिअरमध्ये चढ चढताना टकटक आवाज करते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सुरू करावे का?

उत्तर : आधी एक साधी चाचणी करा. तोच चढ एक गिअर खाली टाकून, थ्रॉटल थोडा कमी ठेवून चढा. आवाज थांबला, तर ते नॉकिंग असण्याची शक्यता बरीच आहे. कमी फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटल दिल्यास कडेच्या मिश्रणाला तापत राहायला जास्त वेळ मिळतो. मिनिटाला 9,000 फेऱ्यांच्या वेळी हा वेळ 3,000 फेऱ्यांच्या तुलनेत एक तृतीयांश उरतो. म्हणूनच खालच्या फेऱ्यांवर कुरकुरणारी गाडी वरच्या फेऱ्यांवर शांत चालते. गिअर बदलूनही आवाज तसाच राहिला, तर टॅपेट, टायमिंग चेन किंवा सैल झालेली एखादी पट्टी तपासून घ्या.

नॉकिंगच असेल, तर पूर्वी नसलेला आवाज आता का आला, हे शोधायला हवे. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये कार्बनचा थर साचला की ज्वलनकक्षाची जागा घटते, कॉम्प्रेशन (मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) वाढते आणि थराचे तापलेले टोक मिश्रण वेळेआधी पेटवू शकते. कार्बोरेटर आणि हेड यांना जोडणाऱ्या रबरी नळीला चीर पडली की जास्तीची हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होते. चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) प्लग, पुढे सरकलेले टायमिंग (म्हणजे ठिणगीची वेळ) आणि चिखलाने भरलेले फिन्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्या) हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. प्लग काढून त्याच्या टोकाजवळचा चिनी मातीचा भाग पाहा : तो फिकट तपकिरी असावा, खडूसारखा पांढरा आणि फोड आल्यासारखा दिसत असेल, तर इंजिन जास्त तापत आहे. जास्त ऑक्टेनमुळे आवाज दबेल, पण दोष आत तसाच राहील. दुरुस्ती होईपर्यंतचा आधार म्हणून ते वापरण्यास मात्र हरकत नाही.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन जास्त असते असे वाचले. मग ॲव्हरेज कमी का होते?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इथेनॉलचे आरओएन 108 च्या आसपास आहे, पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. 10 टक्के मिश्रणात ही घट 3 टक्क्यांच्या आसपास आणि 20 टक्क्यांत 6 ते 7 टक्क्यांच्या आसपास येते. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल, तर इथेनॉल हवेतील पाणी शोषते हे लक्षात ठेवा. आणि जुन्या गाडीत कार्बोरेटरची रबरे व इंधननळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, हे मेकॅनिककडून पाहून घ्या.

प्रश्न : ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्या उपयोगी असतात का?

उत्तर : योग्य पेट्रोल मिळत असेल तर त्यांची गरज नाही. बाटलीवर ‘पाच पॉइंट’ लिहिलेले असेल, तर एक पॉइंट म्हणजे बहुधा 0.1 ऑक्टेन असतो, हे ध्यानात घ्या. मँगनीज किंवा लोहयुक्त रसायनांचा थर प्लगवर बसतो, म्हणून ती वारंवार वापरू नयेत.

प्रश्न : माझ्या गाडीला 95 लागते. लांबच्या प्रवासात डोंगराळ भागात फक्त 91 मिळाले आणि 15 लिटरची टाकी भरावी लागली. आता काय करावे?

उत्तर : टाकी उपसण्याची गरज नाही. उंचावर हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये कमी हवा भरते आणि नॉकिंगची शक्यता घटते. अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगांच्या भागात कमी ऑक्टेनचे पेट्रोल विकले जाते त्यामागे हेच कारण आहे. अडचण खाली उतरल्यावर येते. सपाटीवर आल्यानंतर इंजिनाच्या फेऱ्या मध्यम ठेवा, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल एकदम पिळू नका आणि मागे प्रवासी व सामान असल्यास चढावर वेळीच गिअर खाली टाका. मिश्रणाचे ऑक्टेन साधारण प्रमाणाच्या हिशेबाने येते : टाकीत 91 चे 5 लिटर उरले असताना 98 चे 10 लिटर भरले, तर सुमारे 95.7 मिळते. फक्त 95 मिळत असेल तर 93.7 च्या आसपास पोहोचाल. अशा वेळी पुढची भर टाकी अर्धी रिकामी होताच घ्या, तळ गाठण्याची वाट पाहू नका.