पाठीवर पाणी, तोंडाशी नळी

लाँग राईडबद्दल बरेच प्रश्न आलेत, पण यावेळी त्यातले बहुतेक पाण्याचे आणि हायड्रेशन बॅगचेच (पाठीवरची बॅग, आत पाण्याची पिशवी म्हणजे ब्लॅडर, आणि त्यातून पाणी ओढायला तोंडापर्यंत येणारी नळी) आहेत, म्हणून ते एकत्रच घेतो.

प्रश्न: मी महिन्यातून एकदा तरी पाच-सहा तासांची बाईक राईड करतो. बाटली सॅडल बॅगमध्ये असते, दर वेळी थांबून काढायचा कंटाळा येतो आणि मग पाणी पिणंच राहून जातं. दुपारनंतर डोकं जाम दुखतं. मित्र म्हणतो हायड्रेशन बॅग घे. दोन लिटरची घेऊ की तीन? पाठ दुखेल का?

उत्तर: आधी त्या डोकेदुखीबद्दल बोलू, ती अंगावर काढू नका. मी स्वतः बरीच वर्षं ती हेल्मेटच्या माथी मारत होतो, हेल्मेट घट्ट आहे, नवीन घ्यायला हवं वगैरे. मग एकदा उन्हाळ्यात सलग चार तास चालवून उतरलो, बघतो तर बाटली अर्ध्याच्या वर भरलेली, लघवी गडद पिवळी, आणि हेल्मेट काढून अर्धा तास झाला तरी कपाळ ठणकतंय. तेव्हा ट्यूब पेटली. बाईकवर येणारा घाम आपल्याला कळतच नाही हो, वारा तो लगेच सुकवून टाकतो, अंग कोरडं लागतं म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. त्यात हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती आपल्या कातडीपेक्षाच गरम होते, मग वारा कितीही लागू दे, तो गार करत नाही, उलट तापवतोच, गारवा मिळतो तो फक्त घाम सुकण्यातून आणि तो घाम बनायला पाणी लागतं. तहान लागली की लगेच दोन घोट घेता आले पाहिजेत, एवढ्यासाठीच ही बॅग, आणि त्या कामाला ती खरंच उत्तम आहे.

साईझ म्हणाल तर बहुतेकांना दोन लिटर पुरतं. एक लिटर म्हणजे एक किलो, तीन लिटरचं ब्लॅडर भरलं की बॅगेच्या वजनासकट साडेतीन-चार किलो खांद्यावर येतात. वाटेत पाणी भरायची सोय अजिबात नसेल तरच तीनचं बघा. आपल्याला नक्की किती लागतं ते काढायची सोपी युक्ती आहे, राईडच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ७० किलोचे ६९ झाले आणि वाटेत तुम्ही एक लिटर प्यायलात, तर साधारण दोन लिटर गेलं (मधे लघवीला जाऊन आलात तर तेवढं वजा धरा). हे चार तासांत झालं असेल तर तासाला अर्धा लिटर. गरमीत आणि थंडीत हा आकडा खूप बदलतो, म्हणून दोन्ही वेळा एकदा करून बघा.

पाठ दुखते ती बहुतेक वेळा पट्टे चुकीचे लावल्यामुळे. लोक घरी आरशासमोर उभे राहून पट्टे घट्ट करतात आणि बाईकवर बसल्यावर सगळा भार खांद्यांवर येतो. ब्लॅडर पूर्ण भरा, जॅकेट घाला, बाईकवर तुमच्या नेहमीच्या पोझिशनला बसा आणि मग खांद्याचे पट्टे हळूहळू सैल करत जा, बॅगेचा तळ मागच्या सीटवर टेकेपर्यंत. वजन सीटने घेतलं पाहिजे, खांद्यांनी फक्त बॅग जागेवर धरायची. छातीवरचा पट्टा मात्र लावाच, नाहीतर वळणावर बॅग एका बाजूला सरकते. मागे कोणी बसणार असेल तर हे जमत नाही, मग ब्लॅडर टँक बॅगमध्ये (पेट्रोलच्या टाकीवर बसते ती बॅग) ठेवून नळी वर घ्या, फक्त ती जॅकेटला क्लिप करू नका, उतरताना विसरलात तर हिसका बसतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, बॅगेत जागा दिसते म्हणून पाने, कुलूप, पॉवर बँक असलं काही कोंबू नका. पडलात तर पाठीचा मणका आणि रस्ता यांच्यामध्ये तोच पाना येतो. मऊ वस्तू ठेवा, रेनकोट वगैरे. टूलकिटची जागा बाईकवर.

प्रश्न: दादा, मी नवीन बॅग घेतली तर बाबा म्हणतात सलाईन लावून फिरतोस का. त्यांना काय सांगू? खरंच गरज असते का याची?

उत्तर: बाबांना सांग की तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत! १९८९ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सला भर उन्हात १०० मैलांची सायकल राईड होती, तिथे मायकल आयडसन नावाच्या पॅरामेडिकने खरोखरच सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला लावली आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपड्याच्या चिमट्याने बंद ठेवली. त्यातूनच पुढे कॅमलबॅक ही हायड्रेशन बॅग बनवणारी कंपनी आली. म्हणजे ज्याचं रोजचं कामच पेशंटला सलाईन लावायचं त्यालाच हे सुचलं, मला ही गोष्ट फार आवडते. गरजेचं म्हणशील तर तास-दीड तासाच्या राईडला बाटली पुरते. सायकलवर तर फ्रेमलाच दोन बाटल्या बसतात आणि पाठ मोकळी राहते, तिथे बॅग लागते ती लांबच्या आणि खडबडीत वाटेवर, जिथे हँडल सोडून खाली वाकणं धोक्याचं.

प्रश्न: फुलफेस हेल्मेटमध्ये नळी कशी घालायची? चालवताना प्यायलं तर चालतं का?

उत्तर: नळी हनुवटीच्या खालून वर घ्यायची, व्हायझर उघडून वरून नाही. काही हेल्मेटला खाली वारा अडवणारं कापड असतं, ते काढता येत असेल तर काढा. नळी इतकीच लांब ठेवा की टोक तोंडापर्यंत येईल पण हँडलमध्ये अडकणार नाही, बाकीची पट्ट्याखाली दाबा, मोकळी सोडली तर हायवेच्या स्पीडला ती फटफट हेल्मेटवर आपटत राहते आणि वैताग येतो.

चालवताना पिण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सरळ मोकळा रस्ता असेल तरी टोक शोधायला डावा हात क्लचवरून जातो आणि नजर खाली जाते, म्हणून मी सिग्नलला किंवा बाजूला थांबूनच पितो, पाय टेकवून दोन घोट घ्यायला दहा सेकंद लागतात. आणि बॅग आहे म्हणून थांबेच बंद करणारेही बघितलेत, तीन-तीन तास सीटवरून उठत नाहीत. पाणी पाठीवर असलं तरी कंबर आणि डोळे दमतातच की. तासा-दीड तासाने उतराच, आणि उतरलात की बॅगेची चेन उघडून किती पाणी उरलंय ते बघा, कारण बाटलीसारखं ते येताजाता दिसत नाही, आणि एकदम नळीतून हवाच यायला लागते.

पहिला घोट गरम येतो अशी तक्रारही दोघा-तिघांनी केलीये. पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारा, नळीतलं पाणी परत ब्लॅडरमध्ये जातं. गार हवं असेल तर आदल्या रात्री ब्लॅडर अर्धंच भरून फ्रीजरमध्ये आडवं ठेवा, सकाळी वरून पाणी ओता. काठोकाठ भरून गोठवू नका, बर्फ होताना पाणी फुगतं आणि शिवण उसवते.

प्रश्न: ब्लॅडरमध्ये ओआरएस टाकलं तर चालेल का? माझ्या ब्लॅडरला आता वास यायला लागलाय.

उत्तर: टाकत होतात म्हणूनच बहुतेक वास येतोय. साखर असलेलं काहीही नळीत राहिलं की बुरशी धरते. ब्लॅडरमध्ये साधं पाणी आणि ओआरएस वेगळ्या बाटलीत, हे बेस्ट. ते बनवताना पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका. खूप घाम जाणाऱ्या दिवशी मीठ पोटात जायलाच हवं, आणि तहान नसताना नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसत राहणंही वाईट, रक्तातलं सोडियम खाली येतं, मळमळतं, डोकं दुखतं आणि माणूस अजूनच पाणी पितो. गोंधळल्यासारखं वाटलं, तोल जायला लागला तर बाईक बाजूला घ्या आणि सरळ डॉक्टर गाठा.

वासासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून ब्लॅडर भरा, टोक दाबून थोडं पाणी नळीतही येऊ द्या आणि अर्धा तास ठेवा. मग नळी काढून तिचा बारीक लांब ब्रश मिळतो तो फिरवा, चावायचं रबरी टोकही काढून धुवा, सगळ्यात जास्त घाण तिथेच असते आणि तेच कोणी काढत नाही. खळखळून धुतल्यावर ब्लॅडरचं तोंड उघडं राहील असं उलटं टांगा, आत टिश्यूचा बोळा ठेवला तर भिंती चिकटत नाहीत. नळीत काळे ठिपके दिसत असतील आणि ब्रशनेही जात नसतील तर ती टाका, नळी सुटी मिळते, त्यासाठी पूर्ण बॅग बदलायची गरज नाही.